चव्वेचाळिसाव्या वर्षी व्हॉलीबॉल: बॉल येतो, पण तोंडातून आवाज फुटत नाही

जुईचा_वेल | १२ नोव्हेंबर, रात्री ९:४०

मी नाशिकची. वय ४४, नोकरी बँकेत, काउंटरवर. यंदा गणपती उठले त्याच्या पुढच्या आठवड्यापासून मी रोज सकाळी सव्वासहाला कॉलनीच्या मैदानावर व्हॉलीबॉल खेळायला जाते. त्याआधी आयुष्यात कुठलाही मैदानी खेळ खेळलेले नव्हते. शाळेत पीटीच्या सरांनी खो-खोची टीम पाचवीतच निवडली आणि उरलेल्या आम्ही मुली दहावीपर्यंत पारावर बसून राहिलो. कोणी हाकललं नव्हतं, पण कोणी बोलावलंही नव्हतं. त्या पारावरून मी उठले ती थेट आता.

झालं असं, की आमच्या इथे बायकांचा एक गट तीन-चार वर्षांपासून खेळतो. सगळ्यात धाकटी २८ वर्षांची, सगळ्यात मोठ्या ६१ च्या. त्या निवृत्त शिक्षिका आहेत, आम्ही सगळ्या त्यांना बाई म्हणतो. मी दूध घेऊन परतत होते. मैदानावर अकरा जणी जमल्या होत्या, बारावी हवी होती. शेजारच्या वहिनींनी हाक मारली, "नुसती उभी राहा गं, संख्या भरू दे." दुधाची पिशवी जाळीला अडकवली आणि उभी राहिले.

सात आठवड्यांत अंडरआर्म, म्हणजे दोन्ही हात जोडून बॉल खालून उचलणं, थोडं जमायला लागलंय. सर्व्हिस दहातल्या सहा पलीकडे जातात. मनगटापासून कोपरापर्यंत हात लाल व्हायचे, तेही आता कमी झालंय. अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी. बॉल माझ्या आणि शेजारणीच्या मध्ये आला की "माझा!" म्हणून ओरडायचं असतं. मला ओरडता येत नाही. शब्द घशापर्यंत येतो आणि तिथेच राहतो. मी तिच्याकडे बघते, ती माझ्याकडे बघते, आणि बॉल आमच्या दोघींच्या मधोमध मुरमावर पडतो. परवा एका सकाळीच चारदा झालं. बाई चिडल्या नाहीत. नेटपाशी घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "हात नंतर शिकशील. आधी ओरड." मग बॉल नसतानाच मला दहा वेळा ओरडायला लावलं. घरी येऊन मी न्हाणीघरात रडले. वाईट वाटून नव्हे. इतक्या मोठ्याने शेवटचं कधी बोलले होते, तेच आठवेना.

मोठेपणी पहिल्यांदा एखाद्या टीममध्ये शिरलेल्यांनी आपला अनुभव लिहावा. कुठलाही खेळ चालेल. हे कसं सुटलं? की सुटतच नाही?

----

लिफ्टर_तासगाव | १२ नोव्हेंबर, रात्री १०:५५

ताई, आधी अभिनंदन. मी वयाच्या बाराव्या वर्षापासून खेळतोय. आमच्या भागात यात्रेच्या स्पर्धा रात्री दिव्यांच्या उजेडात चालतात, त्यातच वाढलो. तरी तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला बालपणीच्या खेळातून मिळालेलं नाही. गेली नऊ वर्षं नवख्या लोकांना शिकवतोय, त्यातून मिळालंय.

तुम्ही ज्याला आवाजाची अडचण म्हणता, ती निम्मी पायाची अडचण आहे. माणूस ओरडत नाही, कारण बॉल आपल्यापर्यंत पोचेल याची त्याला खात्री नसते. खात्री नसते, कारण पाय हललेले नसतात. सर्व्हिस सुटताना समोरच्याच्या हाताकडे बघा आणि बॉल हाताला लागताक्षणी एक पाऊल टाका. ते चुकीच्या बाजूला पडलं तरी चालेल. पाय एकदा सुटले की आवाज मागोमाग येतो.

दुसरं, तुमची आणि शेजारणीची वाटणी आधीच ठरवून घ्या. आम्ही नवख्यांसाठी साधा नियम ठेवतो: मधला बॉल ज्याच्या डाव्या हाताला येईल, त्याचा. मग मनाशी वाद घालायला वेळ जात नाही आणि ओरडणं म्हणजे फक्त ठरलेलं सांगणं होतं.

अंडरआर्म घेताना हात झोकू नका. बॉलचं वजन २६० ते २८० ग्रॅम असतं, आणि समोरून येताना तो स्वतःचा जोर घेऊनच येतो. तुम्ही फक्त सपाट फळी धरायची, गुडघे वाकवायचे आणि खांदे लिफ्टरकडे, म्हणजे स्मॅशसाठी बॉल उचलून देणाऱ्याकडे, वळवायचे. बहुतेक मोठी माणसं जोर लावतात आणि बॉल मागे जातो. लहान पोरांच्या अंगात जोरच नसतो, म्हणून ती बरोबर शिकतात.

सर्व्हिस मात्र आजच पक्की करा. आमच्या लहानपणी १५ चा सेट होता आणि सर्व्हिस आपली असेल तरच पॉइंट मिळायचा. सर्व्हिस चुकली तर फक्त सर्व्हिस जायची. आता २५ चा सेट आणि प्रत्येक रॅलीला पॉइंट, म्हणजे चुकलेली सर्व्हिस थेट समोरच्याच्या खात्यात. खालून, तळहाताच्या टाचेने मारलेली सर्व्हिस दिसायला साधी असते, पण दहातल्या नऊ पलीकडे जातात. कोणी हसलं तरी वरून मारायची घाई करू नका.

----

दुपारचं_ऊन | १३ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

जुई, तुझं लिहिलेलं वाचून चहा गार झाला. मी ३९ व्या वर्षी ऑफिसच्या बॉक्स क्रिकेटमध्ये शिरले. माझीही तीच कथा, फक्त माझा आवाज धावा काढताना अडकायचा. "यस" की "नो" हे ठरेपर्यंत पलीकडची बिचारी अर्ध्या पिचवर उभी. तीनदा माझ्यामुळे धावबाद झाली. चौथ्या वेळी तिनेच मला सांगितलं, "चुकीचं बोल, पण बोल. गप्प राहिलीस तर मला काहीच कळत नाही." तेव्हा लक्षात आलं की माझं गप्प राहणं मला नम्रपणा वाटत होता आणि तिला तो त्रास होत होता.

आम्हाला लहानपणापासून "हळू बोल" इतक्या वेळा सांगितलंय की घशाला तेच वळण पडलंय. ते वळण मोडायला वेळ लागणार. रडलीस ते बरंच झालं.

----

काळी_माती | १३ नोव्हेंबर, दुपारी १:३०

सगळे कौतुक करतायत, मी थोडी दुसरी बाजू मांडतो. वाईट वाटून घेऊ नये.

लातूरकडे आमचा संध्याकाळचा गट आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही तीन अगदी नवे लोक घेतले, सगळे चाळिशीच्या पुढचे, माणसं लाख मोलाची. पण समोरच्या टीमला कच्चा खेळाडू कोण ते पाच मिनिटांत कळतं. मग प्रत्येक सर्व्हिस त्याच्यावरच. व्हॉलीबॉलमध्ये लपायला जागा नाही. क्रिकेटमध्ये एखाद्याला थर्ड मॅनला उभं करता येतं. इथे रोटेशन आहे, प्रत्येकाला सहाही जागांवरून फिरावं लागतं. आम्ही हरत गेलो, चिडचिड वाढली आणि दोन जुने खेळाडू गट सोडून गेले. त्यांचंही चुकलं असं मला वाटत नाही. दिवसभर राबून तासभर चांगला खेळ मिळावा ही त्यांचीही अपेक्षा होती.

नव्यांनी यावं, जरूर यावं. पण त्यांची वेळ वेगळी ठेवावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

----

लिफ्टर_तासगाव | १३ नोव्हेंबर, दुपारी २:१०

काळी_माती, तुमचं दुखणं खरं आहे, उपाय मला पटत नाही. वेगळ्या वेळेला फक्त नवेच असतील तर त्यांना बॉल उचलून देणार कोण? चार नवे समोरासमोर उभे राहिले की दोन फटक्यांच्या पुढे रॅली जात नाही आणि महिन्याभरात सगळे घरी बसतात. शिकायला चांगला लिफ्टर समोर लागतोच.

कच्च्या खेळाडूवर सर्व्हिस येते तेव्हा काम त्याच्या दोन्ही बाजूच्यांचं असतं. त्यांनी एकेक पाऊल आत सरकायचं आणि त्याच्याकडे फक्त अंगावरचा बॉल ठेवायचा. हे आपल्या टीमने केलं नाही आणि दोष नव्या माणसाला दिला, असं मी पुष्कळ ठिकाणी पाहिलंय.

आणि या खेळाचा जन्म लक्षात घ्या. १८९५ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या होलियोक गावी विल्यम मॉर्गन नावाच्या वायएमसीएच्या व्यायामशिक्षकाने तो काढला. त्याच्याकडे व्यायामाला येणारे लोक दुकानं-धंदे सांभाळणारे, वयस्क. जवळच्याच स्प्रिंगफील्डला चार वर्षांपूर्वी निघालेला बास्केटबॉल त्यांना झेपेना. म्हणून त्याने धक्काबुक्की नसलेला खेळ रचला: मध्ये जाळी, आणि तीही फक्त साडेसहा फुटांवर. सुरुवातीच्या नियमांत एका बाजूला किती खेळाडू असावेत आणि बॉलला किती वेळा हात लावावा, यावर बंधनच नव्हतं. म्हणजे हा खेळ मुळात ताईंसारख्यांसाठीच केलेला आहे. उंच उड्या मारणारी पोरं नंतर आली.

----

अनवट | १३ नोव्हेंबर, रात्री ८:२०

मी फिजिओथेरपिस्ट आहे, ठाण्यात काम करते. जुईताईंच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही, पण चाळिशीत खेळ सुरू करणाऱ्या बायका माझ्याकडे येतात तेव्हा बहुतेकींचं दुखणं एकसारखं असतं, म्हणून लिहितेय.

व्हॉलीबॉलमध्ये सगळ्यात जास्त मुरगळतो तो घोटा, आणि तो बहुतेक वेळा नेटखाली मुरगळतो. उडी मारून खाली येताना पाय दुसऱ्याच्या पावलावर पडतो. नियमाप्रमाणे पाऊल मधल्या रेषेवर थोडं गेलेलं चालतं. तुम्ही हौशी गट आहात, तर रेषेला पायच लावायचा नाही असं आपसात ठरवा. रोज दात घासताना एका पायावर उभं राहा, मग दुसऱ्या. एखाद्या महिन्यात फरक जाणवतो.

स्नायू लवकर तयार होतात, स्नायूला हाडाशी जोडणारे कंडरे मात्र सावकाश तयार होतात. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, अंगात जोर आल्यासारखं वाटू लागतं, तेव्हाच गुडघ्याच्या वाटीखाली आणि टाचेमागे दुखणं सुरू होतं. जुईताई, तुम्ही आत्ता नेमक्या त्याच टप्प्यावर आहात. रोज खेळू नका. आठवड्यातून चार दिवस पुरे.

अंगठ्या काढा. जाळीत अंगठी अडकून बोटाला गंभीर इजा होते. काचेच्या बांगड्याही काढा. मंगळसूत्र घरी ठेवता येत नसेल तर निदान आत घट्ट बसेल असं काही करा, लोंबतं नको.

आता ज्याबद्दल कोणी बोलत नाही ते. उडी मारताना, शिंकताना किंवा जोरात ओरडताना लघवीचे थेंब जाणं. बाळंतपण झालेल्या कितीतरी बायकांना हे होतं आणि त्या कारण न सांगता खेळ सोडतात. काही जणी तर पाणी पिणंच कमी करतात, ते करू नका. यावर उपाय आहे. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम नीट शिकून तीन-चार महिने नियमाने केले तर बऱ्याच जणींचा त्रास पुष्कळ कमी होतो. उडी मारण्याच्या किंवा ओरडण्याच्या क्षणभर आधी ते स्नायू आवळून धरायचीही सवय करता येते. स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा या विषयातली फिजिओथेरपिस्ट यांच्याकडे जा. लाजण्यासारखं यात काही नाही.

----

जुईचा_वेल | १३ नोव्हेंबर, रात्री १०:०५

अनवट, तुमचे हात धरावेसे वाटले. मी ओरडत का नव्हते, याचं एक कारण तुम्ही न विचारताच लिहिलंत. पहिल्या पोस्टमध्ये ते लिहायचा धीर झाला नव्हता. उद्याच अपॉइंटमेंट घेते. आमच्या गटात आणखी कोणाकोणाला हा त्रास असेल कोण जाणे. बाईंशी बोलून बघेन.

काळी_माती, मला वाईट वाटलं नाही. तुमच्यासारखं बोलणारी एक आमच्याकडेही आहे आणि ती उत्तम स्मॅशर आहे. ती मला म्हणाली होती, "तुझ्यामुळे सेट गेला." खरंच गेला होता. आम्ही आता असं करतो: पहिला अर्धा तास नुसता सराव, प्रत्येक कच्चीबरोबर एक पक्की. मग एक सेट जुन्या सहा जणींचा, पूर्ण ताकदीने, त्यात आम्ही नव्या रेषा बघायला आणि बॉल आणायला. शेवटचा सेट सगळ्यांचा मिसळून. तो जुन्यांचा सेट बाहेरून बघताना मी सगळ्यात जास्त शिकते. बॉल कुठे पडणार हे त्यांना आधी कसं कळतं, ते बाहेरूनच दिसतं.

----

एदोगावाहून | १४ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

मी तोक्योच्या एदोगावा भागात राहते, इथे भारतीय पुष्कळ. मुलीच्या शाळेतल्या एका आईने मला त्यांच्या गटात नेलं. इथे त्याला मामासान व्हॉली म्हणतात, म्हणजे आयांचा व्हॉलीबॉल. एका बाजूला नऊ जणी असतात आणि रोटेशन नसतं, आपली जागा कायम आपलीच. काळी_माती यांच्या अडचणीवर हा बरा तोडगा वाटतो. नव्या बाईला एकच कोपरा द्यायचा, तिने तो वर्षभर शिकायचा. आमच्यात ७० पार केलेल्या एक आजी मागच्या रांगेत आहेत आणि त्यांच्या जागेवर बॉल पडलेला मी अजून पाहिला नाही.

या खेळावर इथल्या बायकांचा जीव का, याला इतिहास आहे. १९६४ च्या तोक्यो ऑलिम्पिकमध्ये व्हॉलीबॉल पहिल्यांदा आला आणि जपानच्या मुलींनी सोव्हिएत संघाला हरवून सुवर्ण जिंकलं. त्या संघातल्या बऱ्याच जणी ओसाका भागातल्या एका कापड गिरणीत नोकरी करणाऱ्या होत्या, काम करून मग सराव. ते बघितलेली पिढी पुढे आई झाली आणि संध्याकाळी शाळांच्या हॉलमध्ये खेळायला लागली.

जुई, तुझ्या आवाजाविषयी. इथे "माझा" म्हणत नाहीत, "ओराय!" म्हणतात. इंग्रजी "ऑल राइट"चं ते जपानी रूप. मला मराठीत ओरडायला संकोच वाटला असता, पण परक्या शब्दाला माझ्या मनात "हळू बोल" चिकटलेलंच नव्हतं. पहिल्याच दिवशी जमलं! तुम्हीही एखादा वेगळा शब्द ठरवून बघा. आणि बॉल सुटला की सगळ्या मिळून "दोनमाय!" म्हणतात, "डोन्ट माइंड"चं रूप. चूक झाल्या झाल्या, तिचं तोंड पडायच्या आत. पहिले काही आठवडे मला तो आपला मराठी शब्दच वाटायचा, दोन माय. तेव्हापासून तो मला जास्तच आवडतो.

----

काळी_माती | १४ नोव्हेंबर, सकाळी ९:००

नऊ जणांची कल्पना आमच्या गटात मांडतो. मैदान तेवढं आहे. गेलेल्या त्या दोघांनाही फोन करतो.

----

वाचनमात्र | १४ नोव्हेंबर, रात्री ११:३०

पाच वर्षांत इथे पहिल्यांदा लिहितेय. मीही नाशिकचीच, वय ५१. रोज सकाळी अशाच एका मैदानाला फेऱ्या मारते आणि बायकांना खेळताना बघते. विचारायचा धीर होत नाही. वजन जास्त आहे, चष्मा आहे. एवढंच.

----

जुईचा_वेल | १५ नोव्हेंबर, सकाळी ८:१०

वाचनमात्र, आमच्या बाईंनाही चष्मा आहे, मागे इलॅस्टिकचा पट्टा लावतात. कुठल्या भागात फेऱ्या मारता ते मला निरोपातून कळवाल का?

----

जुईचा_वेल | २७ जानेवारी, रात्री ९:१५

धागा वर काढतेय. मधल्या काळात लिहिणं झालं नाही, पण इथलं सगळं करून बघितलं.

डाव्या हाताची वाटणी तिसऱ्या दिवशी ठरवली. शब्द बदलून पाहिला. आम्ही "आले!" ठेवला, कारण दारावर बेल वाजली की घरात आपण तो मोठ्याने म्हणतोच. तो घशात अडकला नाही. डिसेंबरात धुक्यात समोरचं नेटही धड दिसेना, तेव्हा तर आवाजावरच खेळ चालायचा, आणि त्या पंधरवड्यात माझी भीड बरीच गेली. व्यायामांना दोन महिने झाले. पूर्ण थांबलेलं नाही, पण आता मनात तो विचार घेऊन उभी राहत नाही. आमच्यातल्या आणखी तिघी त्याच फिजिओथेरपिस्टकडे जातात.

काल, २६ जानेवारीला, झेंडावंदनानंतर शेजारच्या कॉलनीशी सामना होता, तीन सेटचा. मला वाटलं होतं मी रेषेवर असेन. एकीला सकाळी ताप भरला आणि बाईंनी मला पाच नंबरला, मागे डावीकडे उभं केलं. समोरच्यांनी पाच मिनिटांत ओळखलं, काळी_माती म्हणाले होते तसंच. एकामागून एक सर्व्हिस माझ्यावर. पहिल्या सेटमध्ये माझे सात बॉल गेले. मोजलेत मी. शेजारी होती तीच स्मॅशर, जिने "तुझ्यामुळे सेट गेला" म्हटलं होतं. सातव्यानंतर ती एक पाऊल माझ्याकडे सरकली, बोलली काहीच नाही. दुसरा सेट आम्ही जिंकलो.

तिसरा १५ चा. १२-१३ असताना सर्व्हिस आमच्या दोघींच्या बरोबर मध्ये आली. माझ्या डाव्या हाताला. मी "आले!" म्हणून इतक्या जोरात ओरडले की झाडाखाली बसलेल्या मुलाने वर बघितलं, हे तो नंतर सांगत होता. ती तत्काळ बाजूला झाली. बॉल माझ्या हाताला लागला, वाकडा गेला, पार बाहेरच्या बाकापर्यंत. आमची लिफ्टर धावली, पाठमोरी असतानाच तिने तो वर काढला आणि त्या स्मॅशरने तिसऱ्या हाताला पलीकडे टाकला. त्यांना उचलता आला नाही. १३-१३. पुढचे दोन्ही पॉइंट त्यांनी घेतले आणि आम्ही सामना हरलो.

रात्री झोप लागेना. आनंदानेच.

----

लिफ्टर_तासगाव | २७ जानेवारी, रात्री ९:४०

बाकापर्यंत गेलेला बॉल तीन हातांत परत आला म्हणजे टीम झाली. ताई, आता खांदे लिफ्टरकडे वळवायचा सराव करा, वाकडा जातो तो त्यामुळेच. भिंतीपासून दोन मीटरवर उभं राहून रोज ५० वेळा.

----

वाचनमात्र | २७ जानेवारी, रात्री १०:२०

कालचा सामना मी बघितला. पिवळ्या सदऱ्यातल्या तुम्हीच ना? नोव्हेंबरात तुम्ही विचारलं होतं, तेव्हा निरोप लिहिला आणि पाठवला नाही. मी तुमच्याच मैदानाला फेऱ्या मारते. उद्या आले तर चालेल?

----

जुईचा_वेल | २७ जानेवारी, रात्री १०:२४

हो, मीच! सहा वाजताच या, सव्वासहाच्या आधी नेट बांधायचं असतं आणि हात कमी पडतात. कॅनव्हासचे साधे बूट चालतील, अंगठ्या घरी ठेवा. आणि घरी सुतळी असेल तर थोडी आणा, कालच्या सामन्यात नेटची खालची दोरी तुटलीय.